एल्व्हिसची तबकडी, टेनीची कात्री: रॉक अँड रोल कव्हरचं प्रायोगिक रीमिक्स कसं घडतं

कार्ल पर्किन्सने 'ब्लू स्वेड शूज' हे स्वतः रचलेलं गाणं 19 डिसेंबर 1955 रोजी मेम्फिसच्या सन स्टुडिओत गायलं. 1 जानेवारी 1956 ला तबकडी बाजारात आली. त्याच महिन्याच्या 30 तारखेला एल्व्हिस प्रेस्लीने न्यूयॉर्कमध्ये आरसीए कंपनीसाठी तेच गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. पुढे 1961 मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक संगीत स्टुडिओत जेम्स टेनी या सत्तावीस वर्षांच्याही आतल्या संगीतकाराने एल्व्हिसचं ते गाणं टेपवर घेतलं, टेप कापली आणि तुकडे भलत्या क्रमाने, भलत्या वेगाने जोडून 'कोलाज नंबर 1 (ब्लू स्वेड)' ही सव्वातीन मिनिटांच्या आसपासची रचना केली.

पर्किन्सने गाणं केलं, एल्व्हिसने त्याचं कव्हर केलं आणि टेनीने त्या कव्हरचं रीमिक्स केलं. हे तीन शब्द आपल्याकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, म्हणून आधी तेवढं मोकळं करून घेऊ.

कोणत्याही ध्वनिमुद्रित गाण्यात तीन थर असतात. पहिला थर रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरा सादरीकरणाचा: कोणी गायलं, कोणत्या लयीत, कोणत्या वाद्यांवर. तिसरा खुद्द ध्वनिमुद्रणाचा: त्या दिवशी त्या खोलीत मायक्रोफोनने जे पकडलं आणि टेपवर जे उमटलं, ते. कव्हर करणारा पहिला थर उचलतो, दुसरा आणि तिसरा नव्याने करतो. रीमिक्स करणारा तिसऱ्याच थराला हात घालतो, जुना आवाज जसाच्या तसा घेऊन त्याची मांडणी बदलतो. या हिशेबाने 2000 च्या दशकात हिंदीत 'रीमिक्स' म्हणून गाजलेली बरीच गाणी खरं तर कव्हर होती. जुनं ध्वनिमुद्रण त्यांत नव्हतंच. नव्या गायिकेकडून चाल गाऊन घेतलेली आणि खाली नवा ठेका घातलेला.

साधं रीमिक्स गाणं ओळखीचं ठेवतं आणि नाचण्याजोगं करतं. प्रायोगिक रीमिक्स ध्वनिमुद्रणाशी इतकं खेळतं की मूळ गाणं ओळखू येतं की नाही, याचीच शंका यावी. सगळी कला या शंकेला हवी तिथे आणण्यात आहे. पूर्ण ओळखू आलं तर नवं काही घडलं नाही. अजिबात ओळखू आलं नाही तर एल्व्हिसच कशाला हवा होता? कव्हर गाणी या कामाला फार चांगली, कारण ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच दोन रूपं असतात. एकाच गाण्याची दोन ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवली की रचना कुठे संपते आणि गायक कुठे सुरू होतो, हे कानाला आपोआप कळायला लागतं.

एकाच गाण्यातली दोन मापं

'ब्लू स्वेड शूज'च्या सुरुवातीला एक, दोन, तीन असे आकडे मोजत जाणारी ओळ आहे. तिथे वाद्यं थांबतात, फक्त गळा राहतो आणि प्रत्येक आकड्यानंतर वाद्यमेळाचा एक ठोका येतो. पर्किन्सच्या मूळ गाण्यात पहिल्या दोन आकड्यांनंतर दोन-दोन मात्रा जास्त आहेत. तो श्वास घेतो, वाट बघायला लावतो. एल्व्हिसने त्या मात्रा काढून टाकल्या, लय चढवली आणि गाणं सरळ अंगावर घातलं. गिटारवर स्कॉटी मूर, उभ्या बेसवर बिल ब्लॅक, ड्रम्सवर डी. जे. फोंटाना. ज्याला या गाण्याचं रीमिक्स करायचं आहे त्याने आधी ही दोन्ही रूपं मात्रा मोजत ऐकावीत. एल्व्हिसच्या तुकड्यांमध्ये पर्किन्सच्या त्या दोन मात्रांची पोकळी परत घालणं हा एवढासा बदल आहे. पण ज्याने दोन्ही ऐकलंय त्याला तो लगेच जाणवतो.

रीमिक्स करणाऱ्याला या ओळीचा आणखी एक फायदा आहे. वाद्यं थांबलेली असल्यामुळे गळा तिथे जवळजवळ एकटा मिळतो. आवाज वेगळा करणारं कुठलंही सॉफ्टवेअर न वापरता तो कापून घेता येतो. पन्नाशीच्या दशकातल्या रॉक अँड रोलमध्ये अशा थांबणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. काम सुरू करताना आधी त्या हुडकून, कापून, नाव देऊन बाजूला ठेवाव्यात.

टेनीने काय केलं

टेनीकडे संगणकाचा पडदा नव्हता. टेप, ब्लेड, चिकटपट्टी आणि वेग बदलता येणारी यंत्रं, एवढीच सामग्री. ही पद्धत 1948 मध्ये पॅरिसमध्ये पिएर शेफर या फ्रेंच संगीतकाराने रेल्वेच्या आवाजांवर सुरू केली होती. टेनीने ती बाजारातल्या लोकप्रिय तबकडीवर चालवली. त्या काळी विद्यापीठातल्या स्टुडिओत असं करणं धाडसाचं होतं, आणि त्याने ते एल्व्हिसची टर उडवायला केलं नाही. रचना ऐकताना त्याला ते गाणं मनापासून आवडत होतं हे कळतं.

टेपचं गणित सोपं आहे आणि आजही उपयोगी पडतं. स्टुडिओतली टेप साधारणपणे सेकंदाला 15 इंच, म्हणजे 38.1 सेंटिमीटर धावते. पाव सेकंदाचा शब्द म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर टेप. दशांश सेकंदाची गिटारची छेड पावणेचार सेंटिमीटरची. लांबी डोळ्यांना दिसत असल्यामुळे ताल पट्टीने मोजून लावता येतो. टेप निम्म्या वेगाने, साडेसात इंचांनी चालवली की आवाज दुप्पट लांबतो आणि एक सप्तक खाली जातो. वेग आणि सूर एकमेकांना बांधलेले असतात, एक सोडून दुसरं बदलत नाही.

कापण्याचा कोनही महत्त्वाचा. टेप सरळ काटकोनात कापून जोडली तर एक आवाज क्षणात संपून दुसरा क्षणात सुरू होतो आणि सांध्यावर 'टक्' ऐकू येतं. म्हणून 45 अंशांत तिरपा काप घेतात. पाव इंच रुंदीच्या टेपवर तिरप्या कापामुळे दोन्ही तुकडे पाव इंच अंतरभर एकमेकांवर येतात. 15 इंचांच्या वेगाला ते होतात सुमारे 17 मिलिसेकंद. पहिला आवाज तेवढ्या वेळात मावळतो आणि दुसरा उगवतो. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण जो क्रॉसफेड देतो तो हाच.

टेनीच्या रचनेची बांधणी लक्ष देऊन ऐकावी. सुरुवातीला खालच्या सुरातला दाट, गढूळ आवाज आहे. वेग बदललेले आणि उलटे फिरवलेले थर एकावर एक. त्यात एल्व्हिस आहे, पण ओळखू येत नाही. मग मधल्या भागात तुकडे मोकळे होतात आणि अचानक तो गळा समोर येतो, अर्धा शब्द, एक उद्गार. एकदा तो ओळखला की मागचा गढूळ आवाजही त्याचाच होता हे कळतं. ऐकलेल्या भागाचा अर्थ मागे जाऊन बदलतो. पुढच्या साठ वर्षांतल्या बहुतेक प्रायोगिक रीमिक्सनी हीच युक्ती या ना त्या रूपात वापरली आहे. आमच्या मते ती टेनीइतकी नीट फार थोड्यांना जमली, कारण बाकीचे ओळखीची जागा फार लवकर दाखवतात.

फक्त वेग बदलून

दुसरं उदाहरण कॅनडाच्या जॉन ओस्वाल्ड या संगीतकाराचं. प्लॅटर्स या गटाचं 1955 मधलं 'द ग्रेट प्रिटेंडर' डॉली पार्टनने 1984 मध्ये कव्हर केलं होतं. ओस्वाल्डने 1988 मध्ये ते कव्हर घेतलं आणि त्यात जवळजवळ फक्त एकच गोष्ट केली: फार जलद वेगापासून सुरू करून ते हळूहळू मंद करत नेलं. बाईचा गळा बघता बघता पुरुषाचा होतो.

हे का घडतं, ते समजून घेण्यासारखं आहे. गळ्याच्या आवाजात दोन गोष्टी असतात. एक सूर, जो स्वरतंतूंच्या कंपनांवर ठरतो. दुसरी गोष्ट तोंडाच्या आणि घशाच्या पोकळीत होणारा घुमारा, ज्याला फॉर्मंट म्हणतात. माणूस खालच्या सुरात गातो तेव्हा सूर उतरतो, पण पोकळी तेवढीच राहते. तबकडी मंद केली की दोन्ही एकदम उतरतात आणि कानाला वाटतं, गाणाऱ्याचं शरीरच मोठं झालं. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये सूर बदलताना फॉर्मंट राखण्याचा पर्याय असतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो आधीच चालू असतो. ओस्वाल्डसारखा परिणाम हवा असेल तर तो बंद करायला हवा, नाहीतर गळा नुसता खाली जातो, माणूस बदलत नाही.

घरी तबकडीचं यंत्र असेल तर मिनिटाला 45 फेऱ्यांची तबकडी 33 फेऱ्यांच्या वेगाला लावून बघा. सूर पाच अर्धस्वरांपेक्षा किंचित जास्त उतरतो. संगीत शिकलेल्यांच्या भाषेत, सा खाली येऊन मंद्र पंचमाच्याही जरा खाली बसतो.

ओस्वाल्डने 1989 मध्ये अशा रचनांची सीडी काढून 1000 प्रती फुकट वाटायला घेतल्या. कॅनडातल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने हरकत घेतली आणि हाती उरलेल्या प्रती नष्ट कराव्या लागल्या. पैसे न घेतल्याने हक्कांचा प्रश्न सुटत नाही, त्याचं हे ठळक उदाहरण.

जुन्या ध्वनिमुद्रणाचा स्वभाव

आता आपल्या टेबलावर येऊ. 1956 च्या सुमाराचं रॉक अँड रोल कव्हर सॉफ्टवेअरमध्ये ओढलं की चार अडचणी समोर येतात.

पहिली अडचण मोनोची. गळा, गिटार, बेस, ड्रम्स सगळं एकाच वेळी एकाच पट्टीवर घेतलेलं. वेगळे ट्रॅक कधी नव्हतेच, त्यामुळे ते कुठल्या तिजोरीत सापडायची आशा नको. साठच्या दशकात कंपन्यांनी अशी गाणी 'स्टीरिओ' म्हणून पुन्हा काढली. त्यांत एका बाजूला तीव्र आवाज, दुसऱ्या बाजूला खर्ज आणि वर थोडा विलंब, असा बनाव केलेला असतो. असली प्रत घेऊ नका. दोन्ही बाजू एकत्र केल्या की विलंबामुळे काही कंपनं एकमेकांना खातात आणि गळा पोकळ होतो. मूळ मोनोवरून काढलेली, दाबून लहान न केलेली फाइल घ्या. व्हिडिओच्या संकेतस्थळावरून उतरवलेला आवाज साध्या ऐकण्याला ठीक असतो. पण तो चारपट ताणला की फाइल लहान करताना फेकलेल्या माहितीची भोकं कुरकुर, सळसळ करत उघडी पडतात.

याला एक सुखद अपवाद आहे. बीटल्सनी 11 फेब्रुवारी 1963 रोजी लंडनमध्ये 'ट्विस्ट अँड शाउट' घेतलं. हे गाणं आयस्ली ब्रदर्सनी 1962 मध्ये गाजवलेलं होतं. यंत्र दोन ट्रॅकचं होतं, त्यामुळे स्टीरिओ प्रतीत एका बाजूला वाद्यं आणि दुसऱ्या बाजूला गळे मिळतात. गळ्यांच्या मायक्रोफोनमध्ये वाद्यं झिरपली आहेतच, तरी सॉफ्टवेअरने वेगळ्या केलेल्या गळ्यापेक्षा हे कितीतरी जिवंत.

दुसरी अडचण प्रतिध्वनीची. सन स्टुडिओचा तो प्रसिद्ध 'स्लॅपबॅक' दुसऱ्या टेप यंत्रातून येई: आवाज टेपवर नोंदवणारं हेड आणि वाचणारं हेड यांच्यात अंतर असतं, आणि टेपला ते कापायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याने आवाज मागून येतो, साधारण 130 मिलिसेकंद. हा प्रतिध्वनी टेपवर कायमचा उमटलेला आहे, पुसता येत नाही. समजा अशा आवाजाचं, मिनिटाला 160 मात्रांचं गाणं तुम्ही 120 वर आणलंत. गाण्याबरोबर प्रतिध्वनीही ताणला जातो आणि 130 चा 173 मिलिसेकंद होतो. मूळ गाण्यात तो गळ्याला चिकटून चापट मारल्यासारखा वाजतो. इथे सुटा होऊन मागून अडखळत येतो. म्हणून अशी गाणी मंद करायची असतील तर थोडीशी करू नका, पुरती करा. 0.8 पट वेगाला ते नुसतं चुकल्यासारखं ऐकू येतं. 0.4 वर गेलात की प्रतिध्वनी हीच एक नवी लय होते.

तिसरी अडचण लयीची. तेव्हा क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या यंत्राच्या ठरावीक टिकटिकीवर, वाजवत नसत. कडव्यात लय बसते, गिटारच्या तुकड्यात चढते. शिवाय मात्रेची फोडही गुंतागुंतीची असते. एका मात्रेचे दोन सारखे भाग केले तर ठेका सरळ, आणि तीन भाग करून पहिले दोन एकत्र धरले तर झुलता. सुरुवातीच्या रॉक अँड रोलमध्ये अनेकदा ड्रमर झुलतं वाजवतो, त्याच वेळी गिटार किंवा पियानो सरळ वाजवतो. या दोघांच्या ओढाताणीतून तो उसळता जोम येतो. सॉफ्टवेअरला 'सगळं चौकटीत बसव' असं सांगितलं की ही ओढाताण संपते आणि गाणं लंगडं होतं. कितीही चांगले आवाज घातले तरी ते परत येत नाही.

चौथी अडचण सुराची. टेप आणि तबकडी कापणारी यंत्रं अचूक वेगाची नसत, त्यामुळे गाणं दोन स्वरांच्या मध्ये कुठेतरी लटकलेलं मिळतं. अर्धस्वराच्या शंभराव्या भागाला सेंट म्हणतात. अशी गाणी 20-30 सेंट वर किंवा खाली असणं नेहमीचं. जुनं गाणं सुरात ओढण्यापेक्षा नवा सिंथ (इलेक्ट्रॉनिक सुरांचं वाद्य) किंवा बेस तेवढे सेंट सरकवा. एका आकड्याचं काम आहे आणि मूळ आवाजाला धक्का लागत नाही.

प्रत्यक्ष काम

सुरुवात लयीच्या नकाशाने करावी. दोन मिनिटांचं, 160 मात्रांचं गाणं म्हणजे 320 मात्रा, चार-चारची 80 आवर्तनं. प्रत्येक आवर्तनाच्या समेवर हाताने खूण करा. 80 खुणा कंटाळवाण्या वाटतात, पण स्वयंचलित ओळख इथे हमखास फसते. झुलत्या ठेक्यात ती कधी दुसऱ्या मात्रेला सम समजते, तर कधी लय दुप्पट धरते. खुणा झाल्या की गाणं चौकटीला बांधू नका, चौकटच गाण्याला बांधा. प्रकल्पाची लय आवर्तनागणिक गाण्याप्रमाणे बदलू द्या. मग नवे ड्रम्स आपोआप फोंटानाबरोबर धावतात आणि रेंगाळतात.

त्यानंतर आवाज वेगळे करणं. डीझर कंपनीने 2019 मध्ये त्यासाठीचं स्प्लीटर हे सॉफ्टवेअर खुलं केलं, मेटाचं डेमक्स त्याहून सरस आहे. दोन्ही फुकट मिळतात आणि गळा, ड्रम्स, बेस, बाकीचं अशी चार भागांत फोड करतात. ही सॉफ्टवेअर शिकली आहेत ती मुख्यतः आधुनिक, स्टीरिओ, स्वच्छ ध्वनिमुद्रणांवर. म्हणून 1956 समोर आलं की ती ठरावीक जागी चुकतात. उभ्या बेसची तार बोर्डावर आपटते त्याचा 'टक' ड्रम्सच्या भागात जातो आणि बेसच्या भागात नुसती भुसभुशीत घूं उरते. हे दोन भाग वेगळे वापरायचे नाहीत, जोडीनेच ठेवायचे. सॅक्सोफोनचा घोगरा तुकडा गळ्यात शिरतो. गळ्याचा प्रतिध्वनी अर्धा गळ्यात, अर्धा बाकीच्यात विखुरतो, त्यामुळे शब्दांचे शेवट कुरतडल्यासारखे होतात. आणि टेपची सळसळ गळ्याबरोबर येते-जाते, जणू कोणी दार उघडझाप करतंय.

शेवटच्या दोन्हींवर उपाय एकच: मूळ मोनो गाणं 12 डेसिबल खाली ठेवून त्याच्याबरोबर वाजवायचं. कुरतडलेल्या कडा झाकल्या जातात आणि सळसळ सलग होते. पण दोन्ही फाइली नमुन्याच्या (डिजिटल आवाजाच्या सगळ्यांत लहान तुकड्याच्या) अचूकतेने जुळलेल्या हव्यात. एका मिलिसेकंदाचा फरक पडला तरी 500 हर्ट्झला खड्डा पडतो, मग 1500 ला, 2500 ला, आणि गळा नळीतून आल्यासारखा वाटतो. जुळणी तपासायला चारही भाग एकत्र करा, मूळ गाणं उलट्या ध्रुवतेने, म्हणजे त्याच्या लहरी वरच्या खाली करून, त्यावर घाला. जवळजवळ शांतता आली तर सगळं जागेवर आहे. गाणं ऐकू येत राहिलं तर कुठला तरी भाग सरकलाय.

आता तुकडे करण्याची मजा. 160 च्या लयीत एक मात्रा 375 मिलिसेकंदांची. तुकडे मात्रेच्या पटीत कापले की ताल टिकतो, विषम लांबीचे कापले की तुटतो. दोन्ही हवंच असतं, पण कुठे काय करतोय ते ठाऊक हवं. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना 5 ते 10 मिलिसेकंदांचा उतार द्या. ड्रम्सच्या तुकड्याला मात्र सुरुवातीचा उतार 1-2 मिलिसेकंदच, नाहीतर ठोक्याचा दातच पडतो.

तुकड्यांवर करण्यासारखे प्रयोग पुष्कळ आहेत. त्यांतला एक सविस्तर सांगतो, कारण तो फुकट आहे आणि फार काही देऊन जातो. एका आवर्तनाचा, दीड सेकंदाचा तुकडा घ्या आणि दोन ट्रॅकवर फिरत ठेवा. एक 1500 मिलिसेकंदांचा, दुसरा शेवटी 10 मिलिसेकंदांची शांतता जोडून 1510 चा. दोन्ही एकदम सुरू करा. पहिल्या काही फेऱ्यांत आवाज नुसता जाड होतो, मग पोकळ, नंतर स्लॅपबॅकसारखा दुहेरी, आणि पुढे दोन गिटार एकमेकांना उत्तर देऊ लागतात. अशा 150 फेऱ्यांनी, पावणेचार मिनिटांनी, दोन्ही परत एकत्र येतात. स्टीव्ह राइश या अमेरिकी संगीतकाराने 1965 मध्ये टेपच्या दोन फेऱ्यांवर हेच तत्त्व वापरलं होतं. रॉक अँड रोलमध्ये ते खास खुलतं, कारण 130 मिलिसेकंदांचा प्रतिध्वनी आधीच आवाजात आहे. सरकणारा दुसरा ट्रॅक तेराव्या फेरीला नेमका त्या अंतरावर येतो, आणि क्षणभर खरा प्रतिध्वनी कोणता ते सांगता येत नाही. त्या जागेला काही फेऱ्या थांबायचं असेल तर दुसऱ्या ट्रॅकची शांतता तेवढ्यापुरती काढून टाका.

गळ्याचा धुरळा करायचा तर ग्रॅन्युलर पद्धत आहे: आवाजाचे 20 ते 100 मिलिसेकंदांचे कण करून ते पसरायचे. पुरुषाचा गळा 100 ते 150 हर्ट्झच्या आसपास बोलतो, म्हणजे एक कंपन 7 ते 10 मिलिसेकंदांचं. कण 20 च्या खाली गेला की त्यात दोन कंपनंही धड मावत नाहीत. सूर जातो, खरखर उरते. 60-80 वर गळा ओळखीचा राहतो, शब्द मात्र हरवतात. ओळखीची शंका हवी तिथे आणायची ती इथे. हा एक आकडा रचनाभर हळूहळू 25 वरून 80 वर नेला, तर टेनीने ब्लेडने केलं तसं काहीसं हाती लागतं.

मिश्रणाबद्दल थोडंच सांगायचंय. जुन्या आवाजात 60 हर्ट्झच्या खाली संगीत फारसं नसतं, गडगड असते. 80 च्या खालचं कापा आणि ती जागा नव्या बेसला द्या. वरच्या टोकाला चकाकी घालायच्या फंदात पडू नका, सळसळच चकाकते. जुना आवाज मध्यभागी मोनो ठेवा आणि रुंदी फक्त त्याच्यापासून बनवलेल्या नव्या थरांना द्या. नाहीतर फोनच्या एकाच स्पीकरवर तुमचे अर्धे प्रयोग गायब होतात.

हक्क

रीमिक्सला दोन वेगळ्या परवानग्या लागतात: रचनेची आणि ध्वनिमुद्रणाची. भारताच्या 1957 च्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो; त्या हिशेबाने 1956 ची तबकडी 2016 अखेर मोकळी होते. रचनेचा हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. पर्किन्स 1998 मध्ये वारला, म्हणजे 'ब्लू स्वेड शूज'ची चाल आणि शब्द इथे 2058 अखेरपर्यंत बांधलेले. अमेरिकेत 2018 च्या कायद्याने 1947 ते 1956 मधल्या ध्वनिमुद्रणांना प्रकाशनापासून 110 वर्षांचं संरक्षण दिलंय. पुण्यात बसून केलेलं रीमिक्स अमेरिकी संकेतस्थळावर चढवलं की तो कायदा लागतो, आणि गाणी ओळखणारी तिथली स्वयंचलित यंत्रणा तुमचा तुकडा पकडते. स्वतःपुरता अभ्यास म्हणून केलेलं काम वेगळं; ते प्रसिद्ध करणं वेगळं.

2012 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 31 क मध्ये कव्हरसाठी वैधानिक परवाना आहे: पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटलेली हवीत, वर्षाला किमान 50,000 प्रतींचं मानधन आगाऊ द्यायचं आणि रचनेत तांत्रिक गरजेपलीकडे बदल करायचा नाही. शेवटच्या अटीमुळे प्रायोगिक काम या कलमात बसत नाही. त्यासाठी थेट रचनेच्या प्रकाशकाकडे जावं लागतं.

निम्मा प्रश्न सोडवायचा एक मार्ग आहे, आणि संगीताच्या दृष्टीनेही तो उत्तम: कव्हर स्वतःच करा आणि आपल्याच ध्वनिमुद्रणाचं रीमिक्स करा. मग परवानगी फक्त रचनेची उरते. खोलीच्या मध्ये एक मायक्रोफोन, गायक त्याच्यापासून फूटभर, उभा बेस तीन-चार फुटांवर, गिटारचा अँप पाच-सहा फुटांवर आणि ड्रम्स सगळ्यांत मागे. गायक ऐकू येत नसेल तर पातळी वाढवू नका, ड्रमरला आणखी मागे सरकवा. क्लिक नको. त्याच वेळी प्रत्येक वाद्याजवळ एक साधा मायक्रोफोन ठेवून वेगळे ट्रॅकही घ्या, म्हणजे 1956 चा एकसंध आवाजही मिळतो आणि तेव्हा नसलेली सोयही. स्लॅपबॅक 130 मिलिसेकंदांचा, एकच आवृत्ती, गळ्यापेक्षा 8 ते 10 डेसिबल खाली, 5 किलोहर्ट्झच्या वरचं कापलेला. तो वेगळ्या ट्रॅकवर उतरवून ठेवा. गाणं दोनदा घ्या, एकदा पर्किन्सच्या जादा मात्रांसह आणि एकदा त्यांच्याशिवाय. वाजवणाऱ्यांकडून लेखी संमती घेताना 'या ध्वनिमुद्रणाचे तुकडे करून, वेग आणि क्रम बदलून वापरायला हरकत नाही' असं स्पष्ट लिहून घ्या, कारण सादरकर्त्याचा हक्क भारतात 50 वर्षं टिकतो आणि नुसत्या 'ध्वनिमुद्रणाला संमती' या शब्दांत रीमिक्स येतं की नाही, यावर पुढे वाद होऊ शकतो.